उतारवयांतील आरोग्य
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं बोलावयास उभ्या राहिलेल्या माणसानें जुन्या आठवणी सांगाव्या असा प्रघात आहे, आणि मंडळानें आम्हांस तेंच सुचविलें होतें. परंतु जुन्या आठवणी ज्यांच्यापाशीं आहेत तीं माणसें या मंडपांत किती आलीं आहेत, हें आम्हीं मघाशीं मोजून पाहिलें आणि मन खिन्न झालें. पुढच्या दोन रांगा वृद्धांसाठीं राखून ठेविल्या आहेत. त्यांतील निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत. तीं माणसें देवाघरीं गेलेलीं नाहींत. तीं आपापल्या घरीं आहेत. कोणास दिसत नाहीं, कोणास ऐकूं येत नाहीं, कोणाचे गुडघे धरले आहेत. आणि कित्येकांना तर, 'तुम्ही कशाला दगदग करतां, पडा निवांत,' असें प्रेमानें सांगून मागें ठेविलें आहे. म्हणून आम्हीं विषय बदलला. उतारवयांत शरीर आणि मन धड कसें राहील, याविषयीं चार शब्द बोलावे असें ठरविलें. मंडळानें क्षमा करावी.

आम्ही वैद्य नव्हे. छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविलें, आणि आतां वयाचें शहात्तरावें वर्ष चालूं आहे, एवढाच आमचा अधिकार. जें सांगणार आहों त्यांतील कांहीं डॉक्टरांकडून ऐकलेलें आहे, कांहीं वाचलेलें आहे, आणि कांहीं फार महाग किंमत देऊन शिकलेलें आहे. त्या शेवटच्या गोष्टीपासूनच आरंभ करतों.

आमच्या मातोश्री अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या असतां त्यांच्यापाशीं दोन शेळ्या होत्या. पहांटे उठून त्यांना पाणी दाखवावें, ऊन चढण्यापूर्वीं ओढ्याकाठीं न्यावें, बाभळीच्या शेंगा वेंचून ओंच्यांत घालाव्या, परततांना वाटेंत चार घरीं टेकून सुखदुःखाचें बोलावें, असा त्यांचा दिवस जाई. एके दिवशीं ओढ्याच्या उतारावर त्यांचा पाय घसरला. लागलें फारसें नाहीं, परंतु आम्ही घाबरून गेलों, आणि त्याच आठवड्याच्या बाजारीं दोन्ही शेळ्या विकून मोकळे झालों. त्या म्हणाल्या, "लेका, शेळ्या मला सांभाळत्यात, मी त्यांला नाहीं." आम्ही हंसलों. म्हणालों, "आई, जन्मभर केलंस तेवढं पुरे. आतां तूं नुसती बस." ओसरीवर नवी बाज टाकून दिली, उशाशीं पाण्याचा तांब्या ठेविला, आणि आपण मातृऋण फेडलें असें आम्हांस वाटलें.

त्या बसल्या. ओढ्यापर्यंतचें चालणें बंद झालें, मग कोपऱ्यावरच्या घरापर्यंतचें, मग अंगणापर्यंतचें. चार घरचें बोलणें तुटलें. भूक निम्म्यावर आली. सहा महिन्यांनीं न्हाणीपर्यंत जावयास त्यांना धरावें लागे, आणि अकराव्या महिन्यांत त्या गेल्या. शेळ्या विकल्यामुळेंच त्या गेल्या असें आम्ही म्हणत नाहीं. वय झालें होतें, आणि मृत्यूचा हिशेब आमच्या हातीं नाहीं. परंतु धडधाकट माणसाला बाजेवर बसविणारे हात आमचे होते. ही गोष्ट आम्हीं आजवर चारचौघांत बोलून दाखविली नव्हती.

पुढें वाचनांत आलें तेव्हां कळलें कीं, त्या अकरा महिन्यांत काय घडलें तें वैद्यकशास्त्रास चांगलें ठाऊक आहे. मनुष्याचे स्नायु चाळिशीनंतर हळूहळू उतरूं लागतात, आणि साठीनंतर ही उतरण वेग घेते. वापरांतला स्नायु सावकाश झिजतो. न वापरलेला झपाट्यानें जातो. तरुण मनुष्य आठ दिवस अंथरुणावर पडला तर महिन्याभरांत भरून निघतो. वृद्ध मनुष्य आठ दिवस पडला तर जें गेलें त्यांतील कांहीं परत येतच नाहीं. म्हणून आजकालचे डॉक्टर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशीं म्हाताऱ्यास उठवून उभें करतात, आणि नातेवाईक त्यांना निर्दय म्हणतात. निर्दय ते नव्हेत. त्या उतरणीचा वेग त्यांना माहीत असतो.

आपली शक्ति किती उरली आहे हें पाहावयास कोणत्याही यंत्राची गरज नाहीं. सरळ पाठीच्या खुर्चीवर बसावें, हात छातीशीं दुमडून घ्यावे, आणि हातांचा आधार न घेतां पांच वेळां उभें राहून बसावें. पंधरा सेकंदांपेक्षां अधिक वेळ लागला तर पाय दुबळे झाले आहेत असें समजावें. शेजारीं कोणी तरी उभें असावें, हें मात्र विसरूं नये. दुबळे पाय सबळ करण्याचें औषधही तेंच आहे: रोज सकाळ-संध्याकाळ असें दहादहा वेळां उठावें-बसावें. ऐंशीव्या वर्षींही स्नायूंना काम दिलें तर ते वाढतात, हें सिद्ध झालेलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जो सल्ला दिला, तो असा कीं, पासष्ट वर्षांवरील माणसानें आठवड्यास निदान १५० मिनिटें दम किंचित् वाढेल इतपत हालचाल करावी, आणि त्यांतील तीन दिवस तोल सांभाळण्याचा व स्नायूंचा व्यायाम असावा. १५० मिनिटें म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटें. आमच्या मातोश्रींचा ओढ्यापर्यंतचा फेराच त्याहून अधिक होत असे!

आतां कोणी म्हणेल, शहरच्या लोकांना चालण्याचा सल्ला ठीक आहे. आम्ही जन्मभर राबलों, आम्हांला व्यायाम कसला सांगतां? या बोलण्यांत खोटें कांहीं नाहीं. आपला मुलूख म्हातारपणास सोपा नाहीं. नीरा डाव्या कालव्याचें पाणी ज्यांच्या शिवारांतून गेलें त्यांचा ऊस उभा राहिला; लोणी भापकर पडलें जिरायतांत. मल्लिकार्जुनाच्या देवळापाशींची ती जुनी दगडी पुष्करणी पाहावयास लांबलांबून लोक येतात. पाण्याची किंमत या भूमीला तेव्हांपासून ठाऊक आहे. १९७२ सालच्या दुष्काळांत जे विशीबाविशीचे होते, त्यांनीं सरकारी कामावर खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, मिलोची तांबडी भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तेच आज पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. त्यांच्या गुडघ्यांत आणि कंबरेंत तो दुष्काळ अजून बसलेला आहे. परंतु त्या दिवसांनीं त्यांना आणखी एक गोष्ट शिकविली, ती म्हणजे दुखणें अंगावर काढणें; आणि आज तीच त्यांच्या जिवावर उठली आहे.

रक्तदाबाची गोळी घ्यावयाची, बरें वाटलें कीं सोडावयाची, हा त्याचाच एक प्रकार. रक्तदाब दुखत नाहीं, म्हणून तो गेला असें वाटतें. तो गेलेला नसतो, गोळीनें दाबून धरलेला असतो. अर्धांगवायु ज्या दिवशीं येतो त्या दिवशीं तो पाहुणा आगाऊ पत्र धाडीत नाहीं. गांवच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि साखर तपासून मिळते. महिन्यांतून एकदां तेथवर चालत जावें, म्हणजे तपासणीही झाली आणि चालणेंही झालें. मिश्रीविषयीं आमच्या भगिनींना एक शब्द सांगावासा वाटतो, परंतु त्या रागावतील. तरी सांगतों: ती तंबाखूच आहे, दांतांचें औषध नव्हे.

जेवणाविषयीं थोडें. म्हातारपणीं दांत गेले कीं लोक चहांत चपाती बुडवून खातात आणि पोट भरलें म्हणतात. पोट भरतें, स्नायु उपाशी राहतात. वृद्धास प्रथिनें तरुणापेक्षां कमी नव्हे तर किंचित् अधिकच लागतात. वजनाच्या दर किलोस रोज निदान एक ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसास पन्नास ग्रॅम. तीं महागाच्या डब्यांत शोधण्याचें कारण नाहीं. हुलग्याचें माडगें हें आपल्याकडील जुनें अन्न दांत नसलेल्यांसाठींच जणूं निर्माण झालें आहे. मटकीची पातळ उसळ, डाळीचें घट्ट वरण, ताक, अंडें, शेंगदाण्याचा कूट, यांपैकीं दोन तरी वस्तु दोन्ही वेळच्या ताटांत असाव्या. तहान मात्र फसवी होते. वय वाढलें कीं शरीराला पाणी हवें असतें पण तहान लागत नाहीं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तर सर्वांस ठाऊकच आहे. अशा दिवसांत म्हातारा माणूस एकाएकीं बरळूं लागला तर त्यास चळ लागला असें म्हणूं नये. पाणी कमी पडलें असेल, लघवीचा विकार असेल, छातींत कफ धरला असेल. वृद्धांत पुष्कळदां ताप न येतांच आजार वाढतो, आणि प्रथम दिसतो तो हा बुद्धीचा गोंधळ. त्याच दिवशीं डॉक्टरास दाखवावें.

पडण्याविषयीं सर्वांत अधिक बोलावयास हवें होतें, कारण खुब्याचें हाड मोडलें कीं माणसाचें जगणेंच मोडतें. परंतु येथें युक्ति साध्या आहेत. कित्येक वृद्ध रात्रीं लघवीस उठतांना पडतात. वाटेंत दिवा असावा, न्हाणीची फरशी कोरडी असावी, भिंतीला धरावयास एक लोखंडी नळी बसवून घ्यावी, उठतांना क्षणभर बाजेच्या कडेवर बसून मग उभें राहावें. मोतीबिंदु झाला असेल तर तो 'पिकण्याची' वाट पाहूं नये. ती समजूत जुनी झाली. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. काठी धरण्याची लाज वाटते असें कित्येक पुरुष म्हणतात. खाट धरण्यापेक्षां काठी धरलेली बरी.

येथवर शरीराचें झालें. परंतु आमच्या मातोश्रींच्या शेळ्या केवळ त्यांचे पाय चालवीत नव्हत्या. त्या शेळ्यांमुळें त्यांना उठावयास कारण होतें, आणि चार घरीं बोलावयास निमित्त होतें. हें कारण आणि हें निमित्त गेलें, कीं मन कसें विझतें, याची साक्ष दुरून आणावयास नको. तरी दोन उदाहरणें द्यावीशीं वाटतात.

पहिलें उदाहरण आपल्याच पुणें जिल्ह्यांत कार्य केलेल्या महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें. १८५८ सालीं त्यांचा जन्म झाला. विधवाश्रम, महिला विद्यापीठ हीं कामें तर सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें त्यांच्या सत्तरीनंतरचें. १९२९ सालीं, एकाहत्तराव्या वर्षीं, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासास निघाले. १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, म्हणजे ज्या वयांत आम्हीं आमच्या मातोश्रींना बाजेवर बसविलें नेमक्या त्याच वयांत, त्यांनीं खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठीं एक नवें मंडळ काढलें आणि त्यासाठीं वर्गणी मागत फिरूं लागले. १९४४ सालीं, शहाऐंशीव्या वर्षीं, समता संघ काढला. १९५८ सालीं, शंभर वर्षें पुरीं झालीं तेव्हां, त्यांना भारतरत्न मिळालें, आणि १९६२ सालीं ते गेले. त्यांना कोणीं 'अण्णा, आतां बसा' असें म्हटलेंच नसेल असें नाहीं. त्यांनीं तें ऐकलें नाहीं, एवढें मात्र खरें.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. महागुरु हेन्री डोरिंग यांचा जन्म १८५९ सालीं जर्मनींत झाला. १९०३ सालीं नगर जिल्ह्याच्या मिशनांत असतां त्यांनीं 'निरोप्या' मासिक सुरू केलें, तें आपल्या आज्यापणज्यांनीं दिव्याखालीं वाचलें. १९०७ सालीं ते पुणें धर्मप्रांताचे महागुरु झाले. पहिल्या महायुद्धानें त्यांची आणि या मुलखाची ताटातूट केली, आणि बासष्टाव्या वर्षीं त्यांना जपानांत हिरोशिमा येथें नव्यानें कार्य उभारावयास जावें लागलें. बासष्टावें वर्ष! आपल्याकडे त्या वयांत माणूस 'आतां काय राहिलें' म्हणूं लागतो. तेथून ते पुन्हां पुण्यास आले आणि १९४८ पर्यंत, नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत, धर्मप्रांताचा भार वाहत राहिले. १९५१ सालीं त्यांचा अंत झाला.

या दोघांमुळें काम करीत राहिलें कीं नव्वदी-शंभरी गांठतां येते, असा अर्थ कोणीं काढूं नये. आयुष्याची लांबी पुष्कळशी वंशाची आणि नशिबाची गोष्ट आहे. राबून राबून साठींत गेलेलीं माणसेंही आपण पाहिलीं आहेत. आम्हांस इतकेंच दिसतें कीं, त्यांच्या हातून काम कोणीं काढून घेतलें नाहीं, आणि लोकांतलें त्यांचें येणें-जाणें शेवटपर्यंत चालूं राहिलें.

अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठानें १९३८ सालीं २६८ विद्यार्थी निवडून त्यांच्या आयुष्याची नोंद ठेवावयास आरंभ केला. पुढें बॉस्टन शहरांतील गरीब वस्तींतील मुलेंही त्याच्याशीं जोडलीं गेलीं. तो अभ्यास ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालला आहे. त्यांत असें आढळलें कीं, ऐंशीव्या वर्षीं कोण धडधाकट असेल हें पन्नाशींतल्या त्याच्या रक्तांतील कोलेस्टेरॉलवरून जितकें सांगतां येत नव्हतें, तितकें तो आपल्या नात्यांत कितपत समाधानी आहे यावरून सांगतां येत होतें. आमच्या मातोश्रींना हें संशोधन न वाचतांच ठाऊक होतें.

लोकांत जाण्याचें पहिलें दार म्हणजे कान. म्हाताऱ्याला ऐकूं येईनासें झालें कीं घरचे प्रथम मोठ्यानें बोलतात, मग वैतागून बोलतात, मग बोलतच नाहींत. तोही हसण्यावारी 'हो हो' करतो, कारण पुन्हां विचारण्याची लाज वाटते. होतां होतां तो भर घरांत एकटा पडतो. स्मृतिभ्रंशावर विचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें २०२४ सालीं चौदा कारणें सांगितलीं, ज्यांवर आधींपासून इलाज केला तर जगांतील सुमारें ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळूं शकेल किंवा लांबेल. त्यांत रक्तदाब, साखर, तंबाखू, दारू, बैठें जीवन, न सुधारलेली दृष्टि हीं आहेत. आणि त्यांतच बहिरेपण व एकलकोंडें जिणें हींही आहेत. आपल्या देशांत साठीवरील सुमारें ८८ लाख लोकांना हा आजार असावा असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. चष्मा लावावयास कोणी लाजत नाहीं. कानाचें यंत्र लावावयास मात्र सारे लाजतात. हा भेद आम्हांस कधींच कळला नाहीं.

विसरणें म्हणजे लागलीच स्मृतिभ्रंश, असेंही नव्हे. बी-बारा जीवनसत्त्व कमी पडलें, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि मंदावली, झोंपेच्या गोळ्या चालूं असल्या, किंवा मन खचलें, तरी माणूस विसरतो. आणि या चारही गोष्टींवर उपाय आहे. मन खचणें तर आपल्याकडे ओळखूंच येत नाहीं. म्हातारा मनुष्य 'मी दुःखी आहें' असें कधीं म्हणत नाहीं. तो म्हणतो, अंग दुखतें, झोंप येत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं. मुलें बारामतीच्या कारखान्यांत, पुण्याला, चाकणला. घरांत दोन म्हातारीं आणि एक टेलिव्हिजन. त्यांतलें एक गेलें कीं दुसऱ्याशीं दिवसभरांत बोलणारें कोणी उरत नाहीं. असें माणूस 'माझा आतां काय उपयोग' हें वाक्य वारंवार बोलूं लागलें तर तें सहज बोलणें समजूं नये. त्याच्याजवळ बसावें, डॉक्टरांकडे न्यावें. मनाच्या आजारासाठीं सरकारनें १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनि रात्रंदिवस चालूं ठेविला आहे, आणि वृद्धांच्या अडचणींसाठीं १४५६७ हा आहे. हे दोन आंकडे आम्हीं आपल्या आवाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेविले आहेत. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना मुलांनीं वाचून दाखवावे.

एक विषय नाजूक आहे, परंतु तो टाळला तर हें भाषण खोटें ठरेल. म्हाताऱ्यांची झोंप पुष्कळदां सातबाऱ्यावर अडकलेली असते. जमीन मुलांच्या नांवें करून दिली तर आपल्याला कोण विचारील, आणि नाहीं केली तर घरांत भांडण, या दोन भयांमध्यें मन कुरतडून निघतें. २००७ सालच्या कायद्यानें वृद्ध आईबापांना मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क दिला आहे, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मिळवितां येते. दाद प्रांत कचेरींत मागावयाची असते. आमची विनंति इतकीच कीं, बक्षीसपत्र करावयाचें झालें तर ही अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. सुपुत्रांना या अटीचा राग येण्याचें कारण नाहीं. आणि ज्यांची मुलें सुपुत्र नसतील, त्यांनीं तर ती घ्यावीच.

आतां पुन्हां त्या रिकाम्या खुर्च्यांकडे वळतों. या महोत्सवाच्या निमित्तानें तरुण मंडळींनीं आम्हांस विचारलें कीं, वृद्धांसाठीं काय करावें. कोणीं शाल सुचविली, कोणीं श्रीफळ, कोणीं फळांची करंडी. शाली आमच्याकडे पुष्कळ झाल्या आहेत. रविवारच्या मिस्साला ज्यांना चालवत नाहीं त्यांच्यासाठीं एक गाडी फिरवावी. गायनाच्या सरावास एक-दोन म्हाताऱ्यांना बोलवावें; जुन्या गीतांच्या चाली त्यांच्याच गळ्यांत राहिल्या आहेत, आणि त्या गेल्या कीं गेल्या. लग्नाच्या, बाप्तिस्म्याच्या जेवणावळींत आम्हांला कोपऱ्यांतील खुर्चीवर मानानें बसवूं नये. लसूण सोलावयास द्यावा, पानें पुसावयास द्यावीं. पंचाहत्तर वर्षांवरील माणसास एस. टी. चा प्रवास २०२२ पासून विनामूल्य झाला आहे. चौघांनीं मिळून कधीं जेजुरीकडे, कधीं बारामतीस जाऊन यावें, वाटेंत भांडावें देखील. घरच्या सुनांना आणि मुलांना एकच मागणें आहे. म्हाताऱ्याच्या हातांतून काम काढून घेण्यापूर्वीं, त्याच्या जागीं दुसरें कोणतें काम देणार आहां, हें आधीं ठरवावें. मोट ओढणाऱ्याला मोट नको. पण मोटर चालूं-बंद करावयाचें त्याच्याकडे असूं द्यावें. आणि म्हाताऱ्यांनींही हट्ट सोडावा. आपल्याला पूर्वींसारखें जमत नाहीं हें कबूल करावयास मोठें धैर्य लागतें. आम्हांस अजून तें पुरतें साधलेलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीही अंगणांत घसरलों. मनगट मोडलें, सहा आठवडे हात गळ्यांत होता. आमची सूनबाई फार चांगली आहे. हात सुटला त्या दिवशीं ती म्हणाली, "मामा, आतां तुम्ही निवांत बसा. कशाला हात लावूं नका." तिच्या तोंडीं आमचेच शब्द ऐकून आम्हांस क्षणभर बोलवेना. मग तिला मातोश्रींच्या शेळ्यांची सारी हकीकत सांगितली. ती ऐकत उभी राहिली, कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे तिनें दुधाची किटली आमच्यापुढें ठेविली आणि म्हणाली, "डेअरीला दूध घालून येतां का? पण दोनच लिटर नेायचं, आणि काठी घेऊन जायचं." शेळी मात्र घेऊं देत नाहीं. त्याबद्दल आमचें बोलणें अजून चालूं आहे.

डेअरी घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. जातांना पंधरा मिनिटें लागतात, येतांना पाऊण तास, कारण परतीच्या वाटेवर आमच्यासारखेच तिघे कट्ट्यावर बसलेले असतात. त्यांपैकीं एकाला ऐकूं येत नाहीं, त्यामुळें आमच्या गोष्टी साऱ्या आळीला ऐकूं जातात. येत्या मंगळवारीं त्याला कान तपासावयास बारामतीस न्यावयाचें ठरलें आहे; तो अजून 'नको' म्हणतो.

बराच वेळ घेतला. सायंकाळच्या दुधाची वेळ होत आली आहे, आणि केंद्र कोणासाठीं थांबत नाहीं. तेव्हां आपली रजा घेतों.